चार बोटं आणि अंगठा

१

आईला अंघोळ घालायला म्हणून दोमनिकानं तिचा झगा वर केला आणि तिच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. ते अजून तिथंच उपडं होतं. सांडलेलं पाणी कुणी पुसलं नव्हतं, आणि त्या ओल्या फळ्यांवर चौकीप्रमुख इग्नात मुरगोच हातात टोपी धरून अवघडल्यासारखा उभा होता.

"लाजू नका साहेब, बघा," दोमनिका म्हणाली. "मी इटलीत म्हाताऱ्यांचीच अंगं पुसते. पडल्याचे डाग कसे असतात आणि मारल्याचे कसे असतात, हे मला कुणी शिकवायला नको. काल घरी आले, आज हे बघितलं."

इग्नातनं बघितलं. तिच्या आईच्या, सावेताच्या, पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. गुडघ्यांच्या मागे शाई सांडावी तसं पसरलं होतं. दंडांवर ताजे जांभळे डाग, त्यांच्या शेजारी जुने, पिवळे पडत चाललेले. म्हणजे हे एकदाच झालेलं नव्हतं. होत आलं होतं.

"तोंड उघड, आई."

सावेतानं तोंड उघडलं. सांगितलं ते करण्यापलीकडे ती काही करत नव्हती. हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या आणि त्यांच्या कडांना रक्त होतं. मग दोमनिकानं तिच्या डाव्या हाताची पट्टी सोडली. मनगटाच्या वर एक लांब जखम उघडी पडली होती.

"ही कसली?"

"विळ्याची. मी शाळेत जायला लागले तेव्हाची." दोमनिकानं पट्टीची घडी घातली. "तेव्हाच भरली होती, साहेब. नुसता पांढरा वण राहिला होता. तो कुणीतरी पुन्हा उघडलाय."

खोलीत सफरचंदांचा वास होता. रुजिनेश्तीतल्या प्रत्येक घराला तो असतोच, हिवाळा संपत आला की जरा जास्तच गोड आणि जड होतो. पण इथे त्या वासात आणखी काहीतरी मिसळलं होतं, बंद तोंडासारखं.

इग्नात खाटेजवळ वाकला. मुलगा एमिल गेल्यापासून, म्हणजे गेल्या सुगीत उतारावर ट्रॅक्टर उलटला तेव्हापासून, ही बाई या खाटेवर होती. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला खोल नैराश्य म्हटलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. गावानं त्याला काहीच नाव दिलं नव्हतं. गाव फक्त तिच्या खिडकीखालून जाताना आवाज बारीक करायचं.

"सावेतावहिनी, कुणी केलं हे?"

तिनं मान त्याच्याकडे वळवली. मग रक्ताळलेल्या ओठांतून शब्द आले.

"त्याचं त्याला मिळू दे."

"ऐकलंत?" दोमनिका म्हणाली. "त्याचं त्याला मिळू दे, म्हणते. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

इग्नात अंगणात आला. लाकडांच्या ढिगापाशी तोआदेर, घरचा धनी, हात लोंबकळत सोडून उभा होता. त्याला विचारावंही लागलं नाही.

"मला घेऊन जा, इग्नात," तो म्हणाला. "मीच असणार."

२

"असणार म्हणजे काय, तोआदेरदादा? केलंस की नाही?"

चौकीतली शेगडी पेटली होती, तरी तोआदेरनं कोट काढला नव्हता. त्यानं हात टेबलावर ठेवले. मोठे, चिरा पडलेले हात.

"आठवत नाही, तेच तर. पोरगा गेल्यापासून संध्याकाळी पितो. मग मधलं काहीच राहत नाही डोक्यात. सकाळी उठावं तर तिच्या दंडावर बोटं उमटलेली. घरात ती आणि मी. मग कुणाची असतील?"

"शुद्धीत असताना कधी हात उचललास?"

"कधी नाही. शुद्धीत असताना मी तिला उठवून बसवतो, पायमोजे घालतो, केस विंचरतो. शुद्धीत नसलेला तोआदेर काय करतो, ते तू शोध. मी त्याला कधी भेटलेलो नाही."

"ती ओरडत नाही?"

"ती कशालाच ओरडत नाही. तेच वाईट आहे ना." त्यानं मान खाली घातली. "लिही माझं नाव नि टाक आत. निदान ती जगेल."

इग्नातनं लिहिलं नाही. हा कबुलीजबाब एकदा वर गेला की सोमवारी सरकारी वकील येणार, आणि तोआदेर पुन्हा त्या घराचा उंबरा बघणार नव्हता. ते ठीकच होतं, जर त्यानं केलं असेल तर. नसेल, तर करणारा अजून त्याच घरात जात-येत होता आणि त्या बाईच्या अंगात फार रक्त उरलेलं दिसत नव्हतं. इग्नात स्वतःला फार हुशार समजत नसे. पण आपल्या चुकीनं कुणीतरी मरू शकतं, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

तोआदेरला चौकीतच ठेवून तो शेजारच्या मारांदाकाकूकडे गेला. ती कुंपणापाशीच होती, झग्याला सफरचंद पुसत.

"तोआदेर मारणार?" ती फिसकन हसली. "अहो साहेब, तो पिऊन आला की माझ्या कोंबड्यांना ताई म्हणतो. कुंपणाला धक्का लागला तर कुंपणाची माफी मागतो. त्यापेक्षा पोरीला विचारा की. इतके दिवस आई आठवली नाही, आणि आता ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एकदम कशी आली? तिकडची माणसं म्हणे बाग विकत घ्यायला बघतायत."

"रात्री कधी भांडण, आदळआपट?"

"त्या घरातून आवाजच येत नाही, हीच तर भीती आहे." तिनं सफरचंदाचा चावा घेतला. "घ्या की एक. सावेताचीच आहेत. बिचारी पडल्या पडल्यासुद्धा दर शनिवारी टोपली पाठवते, एमिलच्या नावानं. सफरचंदं, कोबी, मिरच्यांच्या बरण्या, बटाटेसुद्धा. आख्ख्या आळीला. तोआदेर आणून देतो. आपण बोगदाप्रोस्ते, देव त्याला क्षमा करो, म्हणायचं नि तिथंच खायला लागायचं. मेलेल्याच्या नावचं कुणाला नाही म्हणता येतं का?"

इग्नातनं हात पुढे केला. मारांदाच्या नजरेनं नेहमीसारखी त्याच्या उजव्या हाताची करंगळीशेजारची ती तुटकी जागा टिपली. लहानपणी करवतीनं ते बोट अर्ध्यावर नेलं होतं.

"चार बोटांत साडेतीनच, पण सफरचंद बरोबर पकडता," ती म्हणाली.

"बोगदाप्रोस्ते," इग्नात म्हणाला, आणि त्यानं चावा घेतला. जे इथे खाल्लं जाईल ते तिकडे पोहोचतं. असंच त्यालाही शिकवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दोमनिका होती.

"साहेब, बाबा तुमच्याकडेच आहेत ना? कुठे गेले नाहीत ना?"

"माझ्यासमोर बसलाय. का?"



"मग आईच्या पाठीवर हे नवीन डाग कुठून आले?"

३

या वेळी तो डॉक्टर आग्लायाला बरोबर घेऊन गेला. चार गावांना मिळून ती एकच डॉक्टर होती. चिखलातून चालत आली, बूट दाराबाहेर काढले, आणि सावेताला बघताक्षणी तिच्या कपाळावर आठी पडली.

"शहरातल्या गोळ्या घेते का ही?"

"वेळच्या वेळी. बाबा देतात म्हणे," दोमनिका म्हणाली.

"त्यानं थोडंफार होऊ शकतं. इतकं नाही." आग्लायानं हिरडीला बोट लावलं. रक्त आलं. ती हळूच इग्नातला म्हणाली, "तुमच्या घरी उंदरांना काय घालता?"

"औषध."

"ते औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर आतल्या आत रक्त जाऊन मरतो. माणसाला थोडं थोडं रोज दिलं, तर असंच दिसेल. कुणी हात न लावता डाग पडतील."

इग्नात तळघरात उतरला. खाली तो गोड वास इतका दाट होता की श्वास अडला. अर्धी फडताळं अजून सफरचंदांनी भरलेली होती, बरण्या रांगेनं लावलेल्या. एमिलनं रोपं लावली, एमिलनंच ही फडताळं ठोकली. आणि कोपऱ्यात, कोबीच्या पिंपामागे, त्याला ते सापडलं. लाल दाण्यांचं पाकीट. फोडलेलं. निम्मं रिकामं.

वर येऊन त्यानं ते टेबलावर ठेवलं. दोमनिकाचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्याकडे काय बघताय?"

"कालपासून आईला जेवायला कोण देतंय?"

"मी! पाव आणि चहा! ती दुसरं काही तोंडातच घेत नाही. चमचा पुढे केला की दात आवळते." तिचा आवाज चढला. "आणि बाग विकायचं म्हणाल तर हो, मी विचारलं होतं. बाबांना फोनवर विचारलं होतं. या दोघांना इथे सडू द्यायचं का? त्या मारांदानं सांगितलं ना? तिची जीभ विकायला काढली तर बागेपेक्षा जास्त येतील!"

"भांडण नंतर," आग्लाया म्हणाली. "मला रक्त काढायचंय. हिला उठवून बसवा जरा."

दोमनिका त्या पाकिटापासून हलली नाही. म्हणून इग्नातनंच सावेताला धरलं, उजवा दंड उजव्या हातात, पाखराला धरावं तितक्या हलक्या हातानं. ती बसली. तिनं सुईकडे बघितलंसुद्धा नाही. ती इग्नातकडे बघून म्हणाली, "टोपली गेली का?"

"कुठली टोपली, वहिनी?"

"शनिवारची."

"आज शनिवार नाही, आई," दोमनिका रडत म्हणाली.

निघताना आग्लाया दाराशी थांबली. "विष असलं तर उद्या कळेल. पण इग्नात, एक सांगते. ही माझ्या अंदाजापेक्षा जास्त खालावलीय. असं माणूस बसल्या बसल्या जातं. हृदय आधी कळवत नाही. काय ते लवकर शोधा."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी आग्लायाची गाडी दारात थांबली. ती उतरली ती मान हलवतच.

"विष नाही. रक्त गोठायला हवं तेवढ्याच वेळात गोठतंय. ते पाकीट उंदरांनीच संपवलं असणार."

इग्नात काही बोलणार, तेवढ्यात आतून दोमनिका बाहेर आली. ती आता चिडलेली नव्हती. घाबरलेली होती, आणि ते जास्त वाईट दिसत होतं.

"या," ती म्हणाली. "दोघंही या. आणि मग मला बेड्या घाला. कारण काल तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशिवाय कुणी पाऊल टाकलेलं नाही."

तिनं सावेताची उजवी बाही वर सरकवली.

दंडावर हात उमटला होता. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. जांभळी, स्वच्छ, कुणी रंगात बुडवून दाबावीत तशी.

"काल रक्त काढलं तेव्हा हे नव्हतं," दोमनिका म्हणाली. "मी झोपेत चालते का? माझं डोकं फिरलंय का? तुम्हीच सांगा."

इग्नात वाकून बघत होता. चार बोटांतली तीन पूर्ण होती. करंगळीच्या शेजारचं अर्ध्यावरच संपलं होतं.

त्यानं आपला हात पुढे केला आणि डागाच्या वर, न टेकवता, धरला. अंगठ्यावर अंगठा आला. बोटांवर बोटं आली. तुटक्या बोटाखाली तुटकं बोट.

चुलीत एक लाकूड फुटलं तेव्हा तिघंही दचकले.

"मी हिला हलकेच धरलं होतं," इग्नात म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला तोआदेरसारखा वाटला.

५

"बसा," आग्लाया म्हणाली. "तुमचा चेहरा कबुलीजबाब देण्यासारखा झालाय. एका जणानं दिलाय तेवढा पुरे."

इग्नात बसला. त्याचे विचार सावकाश चालायचे, पण एकदा पाय टाकला की मागे घेत नसत.

"मी मारलेलं नाही, तरी माझा हात उमटला. म्हणजे तोआदेरचाही असाच उमटला. तो तिला उठवतो, पायमोजे घालतो. जिथं जिथं त्यानं जीव लावला तिथं तिथं डाग. पाठीवरचे दोमनिकाचे, अंघोळ घातल्याचे. या घरात मारणारा कुणी नाहीच. तिच्या अंगालाच काहीतरी झालंय. पण रक्त चांगलं आहे म्हणता."

"रक्त चांगलं आहे. नळ्या चिरतायत, ज्यातून ते वाहतं त्या." आग्लाया अचानक थांबली. "आणि तो वण. विष जुना वण उघडत नाही. मारसुद्धा नाही. शरीराला जुनं शिवलेलं धरून ठेवता येईनासं झालं, तरच..."

ती खाटेकडे गेली. तिनं सावेताची पोटरी खिडकीच्या उजेडात धरली आणि नाक टेकेल इतकं वाकून बघितलं. प्रत्येक केसाच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका होता. केस सरळ नव्हते, स्प्रिंगसारखे वळलेले होते.

"हे मी फक्त पुस्तकात बघितलंय," ती पुटपुटली. "स्कर्व्ही. महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना व्हायचा. ताजं फळ नाही, भाजी नाही, क जीवनसत्त्वाचा एक कण पोटात जात नाही, तेव्हा. बघायचं डोक्यातच आलं नाही. सगळे म्हणत होते मन आजारी आहे, मीही मनाच्याच गोळ्या मोजत बसले."

"इथे?" दोमनिका जवळजवळ ओरडली. "तळघर भरलंय! या गावात गुरंसुद्धा सफरचंदं खातात!"

"तू म्हणालीस, पाव आणि चहा."

"उपास चालू आहे म्हणून मला वाटलं! आणि त्याआधी मक्याची मामालिगा, चीज... बाबा म्हणायचे, खाते, घास दोन घास खाते."

इग्नात उठून खिडकीपाशी गेला. कुंपणापलीकडे मारांदा काहीतरी खात उभी होती. त्याला त्याची आई आठवली. इग्नातच्या आधीची एक मुलगी तिला झालेली होती आणि गेलेली होती. दर उन्हाळ्यात, झाडं लवकरच्या सफरचंदांनी वाकली तरी, संत पीटरच्या सणापर्यंत आई एकालाही दात लावत नसे. ज्या बायकांचं मूल गेलंय त्यांनी लावायचा नसतो. तिकडे, स्वर्गात, त्या दिवशी मुलांना सफरचंदं वाटतात. जिच्या आईला धीर धरवला नाही, त्या मुलाला सांगतात, तुझं तुझ्या आईनं खाल्लं. सणाच्या दिवशी आई पहिलं सफरचंद शेजारच्या पोराला द्यायची, मग स्वतः खायची. रडत आणि चवीनं.

पण आईचा उपास संपायचा. त्याला एक दिवस ठरलेला होता.

तो सावेतापाशी येऊन गुडघ्यांवर बसला. तिला हात लावायला आता तो धजत नव्हता.

"वहिनी, एमिलला पोहोचतंय का सगळं?"

तिचे डोळे पहिल्यांदा जिवंत झाले.

"पोहोचतं," ती म्हणाली. "सफरचंदं त्यानं लावलेली. कोबी त्यानं लावलेला. बटाटेसुद्धा. सगळं त्याचं आहे. मी एक घास घेतला तर त्याचा एक कमी होईल." ती दमून थांबली. "मी त्याला जेवायला न देताच त्या दिवशी बागेत पाठवलं, इग्नात. तो म्हणाला भूक आहे. मी म्हटलं आधी उतारावरचं आण. त्याचं त्याला मिळू दे. सगळं मिळू दे."

दोमनिकानं तोंडावर हात दाबून धरला.

६

रुग्णवाहिका निघाली आहे, असा निरोप आला. तोआदेरला इग्नात स्वतः घेऊन आला. वाटेत त्यानं सगळं सांगितलं, तरी तोआदेर उंबऱ्यावरच अडला.

"मी नाही?"

"तू नाहीस."

"नक्की?"

"दंडावर माझीपण बोटं आहेत. बघायची असली तर आत ये."

आत आग्लाया क जीवनसत्त्वाची सुई हातात घेऊन हताश उभी होती. सावेता भिंतीकडे तोंड करून गोळा झाली होती. "मला नको, त्याला द्या," एवढंच ती म्हणत होती. दोमनिका म्हणत होती, धरा आणि टोचा.

"आज धराल," आग्लाया म्हणाली. "घरी परत आल्यावर रोज कोण धरणार? ही तोंडच उघडणार नसेल तर मी हिला फक्त थोडी उशिरा मरायला मदत करतेय."

इग्नातला मारांदाचं बोलणं आठवत होतं. मेलेल्याच्या नावचं कुणाला नाही म्हणता येतं का?

"तोआदेरदादा," तो म्हणाला, "सबंध आळीला टोपली पोहोचली. या घरात कुणी दिली का कधी? हिला?"

तोआदेरच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उजाडलं. तो तळघरात गेला आणि एक मोठं, सुरकुतायला लागलेलं सफरचंद घेऊन आला. त्यानं ते मधोमध कापलं. चमच्याच्या कडेनं त्याचा गर खरवडायला लागला, दात न आलेल्या पोरासाठी खरवडतात तसा.

"यात फारसं काही नसतं," आग्लाया कुजबुजली. "रानगुलाबाचा काढा, कोबीचं आंबट पाणी, ते खरं औषध."

"आधी तोंड तर उघडू दे," इग्नात म्हणाला.

तोआदेर खाटेच्या कडेला टेकला. चमचा त्यानं अगदी टोकाला धरला होता, बोट चुकूनही तिला लागू नये म्हणून.

"सावेता," तो म्हणाला. "एमिलच्या नावानं. घे."

ती वळली. चमच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. जन्मभर ज्याला एकच उत्तर दिलं होतं ते समोर आलं होतं, आणि न घेतलं तर ते एमिललाच पोहोचणार नव्हतं.

"बोगदाप्रोस्ते," ती म्हणाली.

पांढरा गर आत गेला. रिकाम्या चमच्यावर लाल रेघ राहिली. तोआदेरनं ती बघितली आणि हात मागे घ्यायला लागला. तशी सावेतानं त्याचं मनगट पकडलं. बुडणाऱ्यानं फांदी पकडावी तितकं घट्ट.

"अजून दे," ती म्हणाली. "भूक आहे म्हणाला होता."

बाहेर रुग्णवाहिकेचा आवाज आला. सफरचंद संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग सावेतानं पकड सोडली. तोआदेरच्या मनगटावर चार बोटं आणि अंगठा पांढरे उमटले होते. इग्नात बघत होता तोवर ते गुलाबी झाले, आणि चांगल्या माणसाच्या कातडीवरून जातात तसे निघून गेले.